एका घोडीची चार कुळे

गवतगड नावाच्या राज्यात घोडे पुष्कळ होते, पण त्या घोड्यांना मालक नव्हता.

राज्य लहानसे. तिथे मोती पिकत नव्हते हे नावावरूनच कळेल. घाटमाथ्यावर एक लांबलचक माळ होता, माळावर गुडघाभर गवत होते आणि त्या गवतात सव्वाशेच्या वर घोडे मोकळे चरत असत. त्यांच्या पाठीवर खोगीर नव्हते की तोंडात लगाम नव्हता. सकाळी पूर्वेकडून पश्चिमेकडे जायचे, दुपारी ओढ्याकाठी उभे राहायचे आणि मनात आले की उगाच धावायचे, एवढाच त्यांचा उद्योग.

हे घोडे आले कुठून, असे विचारले की माळाकडेच्या वाडीतली माणसे सांगू लागत. फार पूर्वी तुर्की घोड्यांवर आलेली उत्तरेची एक फौज या माळावर हरली. काही स्वार पडले, काही पळाले. घोडे मात्र तिथेच चरत राहिले, कारण आपण हरलो हे त्यांना कुणी सांगितले नव्हते. पुढे एक सौदागर जहाजातून उतरवलेले अरबी घोडे घेऊन घाट चढत होता. अर्ध्या वाटेत त्याला ताप भरला आणि तो गेला. नोकरांनी सामान वाटून घेतले आणि घोडे सोडून दिले. दुष्काळाच्या एका साली मीठ वाहणाऱ्या लमाणांनी थकलेली तट्टे इथे मागे ठेवली. परत येताना घेऊन जाऊ म्हणाले, पण ते परत आलेच नाहीत. एक काठेवाडी घोडी तर नवरदेवाला पाडून पळाली होती. वरातीत बार उडाला, ती बुजली आणि नवरदेवाला मांडवापर्यंत चालत जावे लागले. लग्न वेळेवर लागले, घोडी माळावर राहिली. शिवाय भीमाकाठची काटक घोडी इकडे कधी आली हे तर कुणालाच आठवत नव्हते.

त्यानंतर कोण कुणात मिसळले ते कुणी लिहून ठेवले नाही. तशी गरजही कुणाला वाटली नव्हती. वाडीची एक जुनी रीत होती. उन्हाळ्यात ओढा आटला की घराघराने पाळीपाळीने दगडी डोणीत पाणी भरायचे. कुणाला बाजाराला ओझे न्यायचे असले, आजाऱ्याला वैद्याकडे पोचवायचे असले, तर भिजवलेले हरभरे ओंजळीत घेऊन माळावर जायचे. जो घोडा हातातून खाईल तो त्या दिवसापुरता आपला. काम झाले की पुन्हा सोडून द्यायचा. घोडा कोणत्या जातीचा, हा प्रश्न त्यात कुठे येत नव्हता.

या राज्याचा राजा देवमल्ल. माणूस वाईट नव्हता. न्याय बरा करी, जेवणही बेताचे घेई. पण त्याला कुणी हसलेले अजिबात खपत नसे.

एकदा शेजारच्या राज्याचा वकील सोयरीक जुळवायला आला. राजाने त्याला हौसेने माळ दाखवला. वकिलाने घोडे पाहिले, मिशीवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "घोडे खूप आहेत महाराज. पण घराणं एकाचंही दिसत नाही. वाटेनं जो आला तो राहिला, असंच ना?"

राजाही हसला, कारण पाहुण्यासमोर हसावे लागते. पण ते वाक्य त्याच्या पोटात राहिले. तीन दिवस त्याला जेवण गेले नाही. चौथ्या दिवशी त्याने पागेच्या दरोग्याला बोलावले.

राजाचे घोडे जिथे बांधतात ती पागा, आणि तिचा मुख्य तो दरोगा. त्याचे नाव हैबतराव. त्याच्या घरात पाच पिढ्या हेच काम चालत आले होते. चांदीच्या मुठीचा एक चाबूक बापाकडून मुलाकडे येत असे. घोड्याला मारण्यासाठी तो नव्हताच. तो हातात असला की माणसे वाट देत. हैबतराव घोड्याचा कान पाहून मुलूख सांगे, टाप ऐकून वय सांगे. अंगावरच्या केसांचे भोवरे पाहून घोडा शुभ की अशुभ, तेही सांगे. त्याचे बोलणे कुणी खोडून काढल्याचे कुणाच्या ऐकिवात नव्हते, त्याच्या स्वतःच्या तर नाहीच.

राजा म्हणाला, "हैबतराव, माळावरचा एकेक घोडा तपासा. ज्याला कुळ आहे तो पागेत घ्या. ज्याला नाही, तो मला माळावर दिसता कामा नये."

"त्यांचं काय करायचं, महाराज?"

"दसऱ्याला घाटाखाली हाकला. खाजणात."

घाटाखालचे खाजण म्हणजे खाऱ्या पाण्याचा चिखल. तिथे ना गवत ना गोडे पाणी. तिथे गेलेले जनावर आठवडाभरही टिकत नसे. हे राजाला ठाऊक होते आणि हैबतरावालाही.

राजा पुढे म्हणाला, "त्या वकिलाला दसऱ्याचं आमंत्रण गेलंय. माळावरच्या सगळ्यांत कुळवंत घोड्यावर बसून मी सीमोल्लंघन करणार. त्यानं डोळे भरून बघावं. तुमच्या नोंदीत चूक निघाली तर मात्र चाबूक परत करावा लागेल."

"आमच्या घराण्यात चूक होत नाही, महाराज," हैबतराव म्हणाला. आणि त्याला ते मनापासून खरे वाटत होते.

श्रावण सरता सरता काम सुरू झाले. माळाच्या टोकाला, राज्याच्या शिवेजवळ, बाभळीच्या फांद्यांची पाच कुंपणे उभी राहिली. एक अरबी घोड्यांसाठी, एक काठेवाडीसाठी, एक तुर्की, एक भीमथडी. पाचवे सगळ्यांत मोठे. ते बिनकुळी घोड्यांसाठी होते.

पागेतले मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे नोकर, घोडे धरून आणत आणि हैबतराव तपासत असे. उंची तो मुठींनी मोजी. कानांची टोके आत वळून एकमेकांना टेकली की काठेवाडी. शेपूट उचलून धरली आणि नाकपुडी पातळ निघाली की अरबी. हाड लांब असले की तुर्की, आखूड आणि टणक असले की भीमथडी. शेवटी भोवरे बघायचे. गळ्यावर देवमण नावाचा शुभ भोवरा असला तर उत्तम; भोवरा भलत्या जागी असला तर पुढचे काही न बघता पाचवे कुंपण. कारकून लिहून घेई, मोतद्दार घोडा नेई आणि हैबतराव पुढच्याकडे वळे. काम झपाट्याने चालले होते.

हैबतराव लबाड नव्हता हे इथेच सांगितले पाहिजे. लबाड असता तर ही गोष्ट लवकर संपली असती. तो अगदी प्रामाणिकपणे चुकत होता, आणि असा माणूस थांबवायला फार कठीण.

एक दिवस एक भुरकट घोडी आली. वय झालेले, पाठ किंचित खोल गेलेली, पण पाय अजून तडफदार. हैबतरावाने कान पाहिले आणि तो थबकला. डावा कान आत वळलेला, थेट काठेवाडी. उजवा कान सरळ. नाकपुडी अरबी, हाड भीमथडी आणि रंग लमाणांच्या तट्टांचा. भोवरे तर तीन होते. त्यातला एक शुभ, एक अशुभ, आणि तिसरा कोणत्या पोथीत बसेना.

हैबतरावाने तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या. कारकून लेखणी धरून उभा होता.

"काय लिहू?"

"बिनकुळी," हैबतराव म्हणाला. "एका कानाला कुळ देता येत नाही."

भुरकट घोडी पाचव्या कुंपणात गेली आणि गेल्याबरोबर तिने खिंकाळायला सुरुवात केली. इतर घोडे दिवसभर आरडाओरडा करून गप्प झाले, ही होईना. सकाळ झाली की कुंपणाला छाती लावून उभी राहायची आणि बाकीच्या चार कुंपणांकडे तोंड करून ओरडायची. चमत्कार असा की चारही कुंपणांतून तिला उत्तर येई.

मोतद्दार वैतागले. घोडे वैरण खाईनात. शेवटी वाडीतल्या ठमाबाईला बोलावणे गेले.

ठमाबाई धनगराची. साठी उलटलेली. ज्या उन्हाळ्यात पाणी भरायला कुणी येत नसे, त्या उन्हाळ्यात ती एकटी डोण भरायची; असे तिने चाळीस उन्हाळे काढले होते. माळावरचा प्रत्येक घोडा तिने शिंगरू असल्यापासून पाहिला होता. ती आली, घोडीच्या कपाळावर हात ठेवला आणि म्हणाली, "भुरे, गप. म्या हाय."

हैबतरावाने विचारले, "ठमाबाई, ही अशी का ओरडते? हिला काय झालंय?"

"हिला काय हुतंय? लेकरं तोडली, म्हनून वरडतीया."

"कुठली लेकरं? हिच्याजवळ शिंगरू नव्हतं."

ठमाबाई चालू लागली. हैबतराव तिच्या मागे गेला. अरबी कुंपणापाशी ती थांबली आणि एका पांढऱ्याशुभ्र, चार वर्षांच्या घोड्याकडे बोट केले. "ह्यो दह्या. हिचाच." काठेवाडी कुंपणात एक तांबूस घोडी होती. "ती लाली. हिची थोरली." तुर्की कुंपणातला उंच काळा, भीमथडी कुंपणातली बुटकी घोडी, सगळे तिने नावानिशी दाखवले. "ही बी हिचीच. एका आईची चार, आन् चार घरांत कोंडलीत तुमी."

हैबतराव हसला. "अहो बाई, कसं शक्य आहे? तो पांढरा घोडा अस्सल अरबी आहे. महाराज त्याच्यावर बसणार आहेत दसऱ्याला."

"बसू द्यात की. चांगलाच हाय त्यो. पर हिच्या पोटचा हाय."

"पुरावा काय?"

"म्या बघितलंय," ठमाबाई म्हणाली. "आनखी काय लागतंय?"

हैबतरावाने ते उडवून लावले. पण घरी गेल्यावर त्याला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मोतद्दार जेवायला गेले असताना, तो स्वतः पांढऱ्या घोड्याला दोरी लावून पाचव्या कुंपणापाशी घेऊन गेला. भुरीने मान बाहेर काढली आणि त्याच्या मानेखाली, आयाळीच्या मुळाशी, दातांनी हळूहळू खाजवू लागली. चार वर्षांचा तो घोडा मान वाकवून शिंगरासारखा उभा राहिला. मग हैबतरावाने तांबूस घोडी आणली, उंच काळा आणला, शेवटी बुटकी आणली. चारही वेळा तेच झाले. मधेच त्याने अरबी कुंपणातला दुसराच एक घोडा आणून बघितला. भुरीने त्याच्याकडे पाठ फिरवली.

हैबतराव बाभळीच्या सावलीत खाली बसला. चार घोड्यांपुरती चूक असती तर चार नोंदी खोडता आल्या असत्या. पण एकाच पोटची चार पोरे त्याच्या कसोटीने चार कुळांत पडली होती आणि त्यांची आई पाचव्या कुंपणात. याचा अर्थ कसोटीच खोटी होती. मग उरलेल्या सगळ्यांचे काय? पाचव्या कुंपणात सत्तर घोडे होते. त्यांना खाजणात पाठवायला त्याच्या शब्दापलीकडे कसलाही आधार नव्हता.

त्याने चाबकाच्या मुठीकडे पाहिले. तिच्यावर पाच पिढ्यांच्या हातांची झीज होती. दसऱ्याला पंधरा दिवस राहिले होते.

हैबतराव उठला आणि ठमाबाईकडे गेला. ती मेंढ्यांना पाणी दाखवत होती.

"तुम्ही काल जे बोललात ते कुणापुढे बोलू नका," तो म्हणाला.

ठमाबाईने त्याच्याकडे नीट पाहिले. हा माणूस आता खरे काय ते जाणतो, हे तिच्या लक्षात आले.

"म्या कशाला बोलू?" ती म्हणाली. "मला कोन इचारतंय? घोडीला गप बसवा म्हंजे झालं."

हैबतरावाने घोडीला गप्प बसवले नाही, पण दूर नेले. टेकडीच्या पलीकडे तिला वेगळी बांधून ठेवली. कुंपणे शांत झाली. घोडे पुन्हा वैरण खाऊ लागले. मोतद्दारांनी दरोग्याची वाहवा केली. हैबतरावाला मात्र घास गोड लागेना. रोज सकाळी तो ठरवी की आज महाराजांना सांगायचे. मग वाटे, उद्या सांगू. असे पंधरा दिवस गेले. त्याच्या आयुष्यातले सगळ्यांत लाजिरवाणे पंधरा दिवस तेच.

दसरा उजाडला.

सीमोल्लंघनाची रीत अशी की राजाने वाजतगाजत निघायचे, राज्याची शीव ओलांडायची, पलीकडच्या आपट्याची पाने तोडायची आणि परत यायचे. सगळा गाव शिवेवर जमला होता. शेजारचा वकील मानाच्या जागी बसला होता. रस्त्याच्या कडेला बिनकुळी घोडे दोऱ्यांनी अडवून उभे केले होते. राजाने शीव ओलांडली की वकिलाच्या देखतच त्यांना घाटाकडे हाकायचे ठरले होते. हाकणाऱ्यांना हुकूम होता की एकही मागे ठेवायचा नाही. त्यामुळे टेकडीपलीकडे बांधलेली भुरीही त्यांनी सोडून आणली होती. हे हैबतरावाला ठाऊक नव्हते.

राजा पांढऱ्या घोड्यावर बसून आला. घोडा होताच देखणा. अंगावर जरीची झूल होती, कपाळावर चांदीचे पान. पुढे भाट चालला होता. हा घोडा इंद्राच्या पागेतून थेट गवतगडच्या पागेत कसा आला, याचे वर्णन तो खड्या आवाजात करत होता. मधली काही ठिकाणे त्याने गाळली होती, पण ते कुणाच्या लक्षात आले नाही.

शीव दहा पावलांवर राहिली. तेवढ्यात रस्त्याच्या कडेने एक लांब खिंकाळी आली.

पांढरा घोडा जागच्या जागी थांबला. राजाने टाच मारली, तो हलेना. पुन्हा टाच मारली. घोड्याने मान वळवली, रस्ता सोडला आणि राजाला पाठीवर घेऊनच सरळ त्या दोऱ्यांपाशी गेला. तिथे भुरी उभी होती. घोड्याने तिच्यापुढे मान वाकवली आणि ती त्याच्या झुलीखाली तोंड घालून मानेचे मूळ खाजवू लागली.

ढोलताशे थांबले. शीव न ओलांडता राजाचा घोडा फिरावा, हा मोठाच अपशकुन. राजाचा चेहरा काळवंडला.

"हैबतराव, ही घोडी कोण?"

हैबतराव पुढे आला. "याची आई, महाराज."

"आणि ती या कळपात? बिनकुळींत?"

वकील मान उंचावून ऐकत होता. भाट चलाख माणूस. तो लगेच म्हणाला, "महाराज, ज्याचा मुलगा अस्सल अरबी, ती आई अरबीच असणार! दरोगासाहेबांच्या गडबडीत ही एक घोडी चुकून इकडे आली, एवढंच. हो ना, दरोगासाहेब?"

राजाने हैबतरावाकडे पाहिले. त्या नजरेत राग नव्हता, आशा होती. फक्त 'हो' म्हणायचे होते. एका शब्दात राजाचा मान राहिला असता, चाबूक राहिला असता, भुरीसुद्धा पागेत गेली असती. तिच्या मागे उभे असलेले एकोणसत्तर घोडे तेवढे खाजणात गेले असते. आणि त्यांच्याबद्दल विचारणारे कुणी नव्हते.

हैबतरावाने त्या घोड्यांकडे पाहिले. त्यांतला एक दोरीला नाक लावून कडेचे गवत ओढत होता. हैबतरावाला रडू आले. एवढा मोठा माणूस भर दसऱ्याला गावासमोर रडला.

"नाही महाराज," तो म्हणाला. "घोडी अरबी नाही. ती कुठल्याच एका कुळाची नाही. तिचीच चार पोरं मी चार कुळांत घातली. चूक एका घोडीची नाही. माझी सगळी नोंदच चुकीची आहे. या माळावर सगळीच कुळं सगळ्यांत आहेत. वेगळी करता येत नाहीत."

कुणीतरी खुदकन हसले. तो वकील होता.

राजा खोगिरावर ताठ झाला. "म्हणजे मी आत्ता बिनकुळी घोड्यावर बसलोय?"

"होय, महाराज."

आता राजा खाली उतरतो की काय, असे सगळ्यांना वाटले. एकदा त्याने रिकिबीतून पाय काढलाही. तेवढ्यात गर्दीतून ठमाबाई पुढे आली. तिला कुणी बोलावले नव्हते.

"महाराज, एक इचारू?"

"विचार."

"घटकेआधी ह्यो घोडा कसा व्हता?"

"उत्तम होता," राजा म्हणाला.

"मग आता काय झालं त्याला? पाय मोडला का डोळा फुटला?"

राजाने खाली घोड्याकडे पाहिले. घोड्याला या बोलण्यातले काहीच कळले नव्हते. तो आईजवळ उभा होता आणि त्याच्या अंगावर समाधानाने शहारे येत होते. हाच घोडा वाड्यापासून इथवर एकदाही न अडखळता आला होता.

राजाने बराच वेळ विचार केला. इतका, की भाटाने दोनदा घसा साफ केला. शेवटी राजाने रिकिबीत पाय पुन्हा घातला आणि म्हणाला, "दोऱ्या सोडा."

मोतद्दारांनी दोऱ्या सोडल्या. भुरी बाहेर आली. तिने चारी दिशांना बघितले. शिवेपलीकडे उतारावर हिरवे गवत दिसत होते, तिकडे ती चालू लागली. पांढरा घोडा न सांगता तिच्या मागे निघाला. बाकीचे घोडे त्याच्या मागोमाग. पुढे भुरी, मध्ये राजा आणि मागे सत्तरांतले उरलेले सगळे, अशी ती मिरवणूक शीव ओलांडून गेली. ढोलवाल्यांनी आधी एकमेकांकडे बघितले आणि मग वाजवायला सुरुवात केली.

वकील पाठीमागून ओरडला, "महाराज, तुमच्या पुढे कोण चाललंय?"

राजाने मागे वळून न बघता सांगितले, "माझ्या घोड्याची आई."

गावातल्या बायकांनी भुरीच्या वाटेवर हळदकुंकू टाकले.

आपट्याची पाने वाटून झाल्यावर हैबतराव राजापुढे आला. त्याने चाबूक दोन्ही हातांवर आडवा धरला होता.

राजाने तो उचलून घेतला. जमलेल्या माणसांना वाईट वाटले. एकदोघे म्हणाले, "महाराज, त्यांनी खरं सांगितलंय. माफ करा."

"खरं सांगितलं म्हणून त्यांची मान धडावर आहे, आणि ती अशीच ताठ राहो," राजा म्हणाला. "चूक झाली म्हणूनही चाबूक घेत नाही. माझा हुकूमच चुकीचा होता, तर यांची नोंद बरोबर कशी येणार? हैबतराव, एवढंच सांगा. ही गोष्ट तुम्हाला कधी कळली?"

"पंधरा दिवसांपूर्वी."

"तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"चाबूक जाईल म्हणून, महाराज."

"त्यासाठी घेतोय," राजा म्हणाला.

हैबतरावाने मान डोलावली. त्याला हे पटले. इतक्या दिवसांत त्याला पहिल्यांदाच भूक लागली.

"एक विनंती आहे," तो म्हणाला. "कुंपणं माझ्या हातानं उघडू द्या."

राजाने परवानगी दिली. हैबतराव एकेका कुंपणापाशी गेला आणि बाभळीचे काटे हातात रुतत असताना त्याने फाटके ओढून बाजूला केली. आधी अरबी आले, मग काठेवाडी, तुर्की, भीमथडी. लाली, उंच काळा आणि ती बुटकी भुरीकडे धावली. शिवेपलीकडच्या कळपात सगळे शिरले आणि धुरळा उठला. कारकून वही उघडून शेजारी उभा होता, कारण त्याला थांब असे कुणी सांगितले नव्हते.

"दरोगासाहेब, तो तिसरा कुठल्या कुंपणातला?" त्याने विचारले. "आणि त्याच्या पलीकडचा?"

हैबतराव डोळ्यांवर हात धरून बघत राहिला. त्याने उंची बघितली, कान बघितले, शेपट्या बघितल्या.

"मला सांगता येत नाही," तो म्हणाला.

कारकून थक्क झाला. पाच पिढ्यांत त्या घराण्यातल्या कुणी हे वाक्य उच्चारले नव्हते. हैबतरावाने ते पुन्हा एकदा म्हटले, या वेळी मोठ्याने, आणि तो हाताचे काटे काढत घरी जेवायला गेला.

तात्पर्य: कोण कुठून आला हे विचारायला हरकत नाही, पण त्यावरून कुणी राहावे आणि कुणी जावे हे ठरवू नये, आणि असे ठरवण्यात आपली चूक झाल्याचे ज्या दिवशी कळेल, त्याच दिवशी ती कबूल करावी.